बारीक चित्र की चपळ चित्र?
गेमिंग मॉनिटर निवडताना रेझोल्यूशन आणि रिफ्रेश रेट यांचा मेळ कसा घालावा

देवपुरातील एका शिक्षकाच्या घरी गेले काही दिवस एक वाद रंगला होता. मुलगा अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला. त्याच्या संगणकाचा सात वर्षांचा जुना मॉनिटर अखेरच्या घटका मोजत होता आणि नवा घ्यायचा हे घरात ठरलेलेच होते. वाद होता तो कोणता घ्यायचा यावर. पुण्याच्या मामांनी फोनवरून निर्वाळा दिला होता, "घ्यायचाच तर ४केच घ्या, भाऊजी. पुन्हा दहा वर्षे बघायला नको." मुलाचे म्हणणे, "मामा, मला ४के नको, १४४ हर्ट्झ हवा." आग्रा रोडवरच्या दुकानदाराने तिसराच मॉनिटर पुढे केला. शिक्षक बिचारे दोन्ही आकडे वहीत लिहून घरी परतले. पैसे त्यांचे जाणार होते आणि त्यांना यांतला एकही आकडा धड कळत नव्हता.

हा वाद एका घरापुरता नाही. गेमिंगसाठी मॉनिटर घेऊ पाहणाऱ्या प्रत्येकापुढे आज हाच प्रश्न उभा आहे. एकीकडे रेझोल्यूशन, म्हणजे चित्राचा बारीकपणा. दुसरीकडे रिफ्रेश रेट, म्हणजे चित्राची चपळाई. दोन्ही भरपूर हवे असतील तर खिसा भरपूर रिकामा करावा लागतो, आणि तेही केवळ मॉनिटरसाठी नव्हे. सामान्य अंदाजपत्रकात या दोहोंपैकी एकाला झुकते माप द्यावेच लागते. ते कोणाला द्यावे, हे ठरवण्यासाठी मुळात हे आकडे काय सांगतात ते पाहू.

दोन आकडे, दोन अर्थ

मॉनिटरचा पडदा हा असंख्य चित्रबिंदूंचा, म्हणजेच पिक्सेलचा बनलेला असतो. फुल एचडी पडद्यावर आडवे १९२० आणि उभे १०८० बिंदू असतात. गुणाकार केला तर २० लाख ७३ हजार ६०० होतात. त्यावरची पायरी क्यूएचडीची. तिच्यात २५६० गुणिले १४४०, म्हणजे ३६ लाख ८६ हजार ४०० बिंदू. तिच्याही वर ४के. तेथे ३८४० गुणिले २१६०, म्हणजे ८२ लाख ९४ हजार ४०० बिंदू. फुल एचडीच्या तुलनेत क्यूएचडीमध्ये पावणेदोनपटीहून थोडे अधिक आणि ४केमध्ये बरोबर चौपट बिंदू असतात, एवढे ध्यानात ठेवले तरी पुष्कळ झाले.

रिफ्रेश रेट म्हणजे हा सगळा पडदा एका सेकंदात किती वेळा नव्याने रंगवला जातो तो आकडा. तो हर्ट्झमध्ये सांगतात. ६० हर्ट्झचा मॉनिटर सेकंदाला ६० वेळा चित्र बदलतो, १४४ हर्ट्झचा १४४ वेळा. पहिल्यात एक चित्र १६.७ मिलिसेकंद पडद्यावर टिकते, दुसऱ्यात ६.९ मिलिसेकंद.

हे चित्र मॉनिटर स्वतः तयार करीत नाही. ते संगणकातील ग्राफिक्स कार्ड तयार करते. मॉनिटर केवळ दाखवतो. बहुतेक खरेदीदारांची फसगत येथेच होते. मॉनिटरच्या खोक्यावर छापलेले दोन्ही आकडे ही त्याची कमाल मर्यादा असते. ती गाठता येईल की नाही हे दुसरेच यंत्र ठरवते.

पांझरेच्या फडाचा हिशेब

धुळेकरांना ही गोष्ट समजावून सांगण्यास दूर जाण्याचे कारण नाही. पांझरा नदीवर काही शतकांपासून फड पद्धतीने सिंचन चालत आले आहे. नदीवर बंधारा, त्यातून निघणारा पाट आणि पाटाखालच्या जमिनीचे पाडलेले फड, अशी ही व्यवस्था. बंधाऱ्यात पाणी किती आहे ते पाहून कोणते फड भिजवायचे आणि कोणते पीक घ्यायचे हे गाव मिळून ठरवी. त्यामागचा हिशेब सरळ आहे. पाणी तेवढेच असेल तर क्षेत्र वाढवले की पाळ्या कमी होतात, आणि पाळ्या वाढवायच्या तर क्षेत्र आवरते घ्यावे लागते.

ग्राफिक्स कार्ड हा आपला बंधारा. मॉनिटरला जोडणारी केबल हा पाट. रेझोल्यूशन हे भिजवायचे क्षेत्र आणि रिफ्रेश रेट या पाण्याच्या पाळ्या.

आता हा हिशेब आकड्यांत मांडू. ४के पडदा सेकंदाला ६० वेळा रंगवायचा तर ८२ लाख ९४ हजार ४०० गुणिले ६०, म्हणजे ४९ कोटी ७६ लाख ६४ हजार बिंदू दर सेकंदाला भरावे लागतात. फुल एचडी पडदा सेकंदाला २४० वेळा रंगवायचा तरी उत्तर तेच येते, ४९ कोटी ७६ लाख ६४ हजार. क्यूएचडी पडद्यासाठी हीच मजुरी १३५ पाळ्यांना पुरते. म्हणजे मामांचा ४के ६० हर्ट्झ, स्पर्धक खेळाडूंचा फुल एचडी २४० हर्ट्झ आणि या दोहोंच्या मधला क्यूएचडी १३५ हर्ट्झ, या तिन्ही ठिकाणी भरायच्या बिंदूंची संख्या अगदी सारखी आहे. फरक आहे तो पाणी कसे वाटले यात.

प्रत्यक्षात हा हिशेब इतका काटेकोर राहत नाही, हेही सांगायला हवे. प्रत्येक चित्रासाठी खेळातील पात्रे कोठे आहेत, गोळी कोठे लागली, याचे गणित संगणकाच्या मुख्य प्रोसेसरला करावे लागते आणि ते काम बिंदूंच्या संख्येवर नव्हे, तर चित्रांच्या संख्येवर अवलंबून असते. म्हणून जुन्या प्रोसेसरच्या संगणकात रेझोल्यूशन कमी करूनही चित्रांची संख्या एका मर्यादेपलीकडे वाढत नाही. थोडक्यात, जास्त रेझोल्यूशनचा भार मुख्यतः ग्राफिक्स कार्डावर पडतो, तर जास्त रिफ्रेश रेटचा भार कार्ड आणि प्रोसेसर या दोघांवर.

चोवीस चित्रांचा सिनेमा चालतो, मग खेळ का नाही?

येथे एक शंका हमखास निघते. चित्रपट तर सेकंदाला २४ चित्रांवर चालतो आणि आपल्याला तो सुरळीत दिसतो. मग १४४ चित्रे कशाला?

शंका रास्त आहे. दादासाहेब फाळके यांनी 'राजा हरिश्चंद्र' (१९१३) करण्यापूर्वी वाटाण्याच्या रोपाच्या वाढीचे चित्रण केले होते. ठरावीक अंतराने एकेक चित्र टिपून ती सलग दाखवली, तेव्हा अनेक दिवसांची वाढ काही क्षणांत डोळ्यांपुढे उभी राहिली. सुट्या चित्रांची मालिका पुरेशा वेगाने फिरली की डोळा तिला गती मानतो, हे सिनेमाचे मूळ तत्त्व. पुढे बोलपट आले आणि सेकंदाला २४ चित्रे हे प्रमाण जगभर रूढ झाले.

परंतु सिनेमा आणि खेळ यांत दोन भेद आहेत. पहिला असा, की सिनेमाच्या कॅमेऱ्यात हलती वस्तू प्रत्येक चित्रात थोडी फराटल्यासारखी उमटते आणि त्यामुळे दोन चित्रांमधली उडी डोळ्याला खुपत नाही. खेळातील चित्र मात्र बहुधा रेखीव असते, त्यामुळे उडी जाणवते. दुसरा भेद अधिक महत्त्वाचा. सिनेमात आपण केवळ प्रेक्षक असतो. खेळात माऊस आपल्या हातात असतो. हात हलला आणि चित्र मागाहून हलले, की ती विसंगती मेंदू ताबडतोब टिपतो. म्हणूनच गेमिंगमध्ये रिफ्रेश रेटला इतके मोल आले.

जाता जाता एक फायदा सांगण्याजोगा. १४४ या संख्येला २४ ने पूर्ण भाग जातो, तसाच १२० लाही. ६० ला मात्र जात नाही. म्हणून ६० हर्ट्झच्या पडद्यावर सिनेमातील काही चित्रे दोनदा आणि काही तीनदा दाखवावी लागतात आणि कॅमेरा संथपणे फिरत असताना बारीक हिसका जाणवतो. १२० किंवा १४४ हर्ट्झच्या पडद्यावर प्रत्येक चित्राला समान वेळ देता येतो. रात्री घरच्यांबरोबर सिनेमा पाहणाऱ्यांनाही हा लाभ मिळू शकतो.

डोळ्याला किती बारीक दिसते?

रेझोल्यूशनची बाजू पाहताना केवळ बिंदूंची संख्या पाहून भागत नाही. ते बिंदू किती जागेत पसरले आहेत हे पाहावे लागते. २४ इंची फुल एचडी पडद्यावर एका बिंदूची रुंदी सुमारे ०.२८ मिलिमीटर असते. तेच फुल एचडी चित्र २७ इंची पडद्यावर ताणले तर बिंदू ०.३१ मिलिमीटरचा होतो आणि अक्षरांच्या कडा खरखरीत दिसू लागतात. २७ इंची क्यूएचडी पडद्यावर तो ०.२३ आणि २७ इंची ४के पडद्यावर ०.१६ मिलिमीटरच्या आसपास येतो.

आता डोळ्याकडे वळू. निकोप दृष्टीचा माणूस साधारणपणे एका अंशाच्या साठाव्या भागाएवढा तपशील वेगळा ओळखू शकतो, असे नेत्रतपासणीत धरले जाते. टेबलापाशी बसून ६० सेंटिमीटरवरून पाहिले तर हा तपशील सुमारे ०.१७ मिलिमीटर भरतो. ८० सेंटिमीटरवरून तो ०.२३ मिलिमीटर होतो. याचा अर्थ असा, की २७ इंची ४के पडद्याचे बिंदू नेहमीच्या अंतरावरून सुटे दिसणे जवळपास अशक्य आहे, आणि २७ इंची क्यूएचडीचे बिंदू खुर्ची थोडी मागे घेतली की दिसेनासे होतात. २४ इंची फुल एचडीचे बिंदू मात्र जवळून पाहणाऱ्याला जाणवू शकतात. ज्याला त्याच पडद्यावर तासन् तास मजकूर वाचायचा आहे, छायाचित्रे किंवा आराखडे पाहायचे आहेत, त्याच्यासाठी ही बाब दुर्लक्षिण्याजोगी नाही.

या गणितातून खरेदीसाठी एक साधा नियम हाती येतो. फुल एचडी घ्यायचा तर २४ इंचांच्या पुढे जाऊ नये, २७ इंचांना क्यूएचडी शोभते आणि ४केचा खरा उपयोग २७ ते ३२ इंचांवर. ३२ इंची क्यूएचडी पडद्याचा बिंदू २४ इंची फुल एचडीएवढाच ठसठशीत असतो, हेही लक्षात असू द्यावे. पडदा मोठा झाला म्हणजे चित्र बारीक झाले असे नव्हे.

हलत्या चित्रात बारीकपणा कोठे जातो?

मात्र हे सारे स्थिर चित्राबद्दल झाले. खेळात चित्र स्थिर नसते.

समजा, एक वस्तू पडद्याच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत दोन सेकंदांत जाते. फुल एचडी पडद्यावर ती सेकंदाला ९६० बिंदू ओलांडते. पडदा ६० हर्ट्झचा असेल तर दर चित्रागणिक ती १६ बिंदू पुढे उडी घेते. आपला डोळा तिचा अखंड पाठलाग करीत असतो. चित्र मात्र तेवढा वेळ एकाच जागी थांबलेले असते. परिणामी डोळ्यात सुमारे १६ बिंदूंच्या रुंदीचा फराटा उमटतो. १२० हर्ट्झवर तो ८ बिंदूंचा होतो आणि २४० हर्ट्झवर ४ बिंदूंचा.

आता हीच वस्तू ४के ६० हर्ट्झ पडद्यावर पाहा. आडवे बिंदू दुप्पट, म्हणून उडी ३२ बिंदूंची. आकाराने तो फराटा फुल एचडी ६० हर्ट्झएवढाच रुंद. म्हणजे चौपट बिंदूंसाठी मोजलेले पैसे चित्र स्थिर आहे तोवर कामी येतात. ते वेगाने पळू लागले की त्यांचा बराचसा भाग फराट्यात विरून जातो. स्पर्धेत उतरणारे नेमबाजीच्या खेळांतील खेळाडू २४-२५ इंची फुल एचडी आणि अतिवेगवान पडदे का पसंत करतात, याचे उत्तर यात आहे. उलट ज्या खेळात डोंगर, नगरे आणि आकाश निवांतपणे न्याहाळायचे आहे, तेथे बारीक चित्राचे सुख अधिक.

पायऱ्या चढू तसा लाभ कमी

रिफ्रेश रेटचा आकडा जितका मोठा तितका फायदा, असे दुकानात सांगितले जाते. ते अर्धसत्य आहे. ६० वरून १४४ हर्ट्झवर गेल्यास प्रत्येक चित्रामागे जवळजवळ १० मिलिसेकंद वाचतात. १४४ वरून २४० वर गेल्यास पावणेतीन मिलिसेकंदांच्या आसपास, आणि २४० वरून ३६० वर गेल्यास दीड मिलिसेकंदाहूनही कमी. पहिली पायरी बहुतेकांना माऊस हलवताच जाणवते. दुसरी सरावलेल्या खेळाडूला जाणवते. तिसरी कोणासाठी आहे हे ज्याने त्याने स्वतःला प्रामाणिकपणे विचारावे.

शिवाय ऑनलाइन खेळात इंटरनेटचाही वाटा असतो. धुळ्यापासून मुंबईचा सर्व्हर तीनशेहून अधिक किलोमीटरवर. जोडणी चांगली असेल तर ते अंतर फारसे जाणवत नाही. परंतु संध्याकाळच्या गर्दीच्या वेळी संदेशाचा प्रवास पन्नास-साठ मिलिसेकंदांनी पुढेमागे होऊ लागला, तर तीन मिलिसेकंद वाचवणारा पडदा काय करणार? अशा घरी महागड्या मॉनिटरपेक्षा वायफायऐवजी राउटरपासून संगणकापर्यंत ओढलेली साधी वायर अधिक उपयोगी पडते.

आधी आपला बंधारा मोजा

मॉनिटर घेण्यापूर्वी करावयाची पहिली गोष्ट म्हणजे आपल्या संगणकाची ताकद मोजणे. यास पैसे पडत नाहीत. बहुतेक खेळांत सेकंदाला किती चित्रे तयार होत आहेत हे दाखवण्याची सोय असते. आपण नेहमी खेळतो ते दोन-तीन खेळ अर्धा तास खेळून तो आकडा टिपून ठेवावा. सरासरीइतकेच लक्ष सर्वांत कमी आकड्याकडेही द्यावे. कारण धुमश्चक्रीच्या क्षणीच चित्रे कमी होतात आणि नेमकी तेव्हाच ती हवी असतात.

हा आकडा फुल एचडीवर सत्तरच्या आत असेल, तर क्यूएचडीवर तो चाळीसच्या आसपास येईल, असे धरून चालावे. ४केचा विचार तर सोडूनच द्यावा. डीएलएसएस किंवा एफएसआर यांसारख्या तंत्रांनी कार्ड कमी बिंदूंचे चित्र बनवून ते मोठे करून दाखवते आणि त्यामुळे भार बराच हलका होतो, हे खरे. परंतु प्रत्येक खेळात ही सोय नसते आणि तिच्या भरवशावर दोन पायऱ्या वर उडी मारणे शहाणपणाचे नाही.

कार्डाची चित्रे आणि मॉनिटरच्या पाळ्या यांचा मेळ बसला नाही तर पडद्यावर एकाच वेळी दोन चित्रांचे तुकडे दिसतात. मधोमध आडवी चीर पडल्यासारखे वाटते. यावर उपाय म्हणजे बदलता रिफ्रेश रेट. कार्ड चित्र देईल तेव्हाच मॉनिटर पडदा बदलतो. एनव्हीडियाने २०१३ मध्ये जी-सिंक या नावाने ही सोय जाहीर केली. एएमडीची फ्रीसिंक २०१५ मध्ये बाजारात आली. २०१९ पासून एनव्हीडियाची कार्डेही फ्रीसिंकच्या अनेक मॉनिटरांशी जुळवून घेतात, त्यामुळे आता माफक किमतीच्या मॉनिटरांतही हा गुण मिळतो. मध्यम ताकदीच्या संगणकासाठी तो असलाच पाहिजे. १६५ चे १८० हर्ट्झ करण्यासाठी अधिक पैसे मोजण्यापेक्षा ही सोय पाहून घेणे अधिक मोलाचे.

पाट अरुंद असेल तर

बंधारा भरलेला आणि शेत तयार असूनही पाट अरुंद असेल तर पाणी पोहोचत नाही. केबलचेही तसेच आहे. एचडीएमआय २.० मधून ४के चित्र सेकंदाला ६० वेळा जाऊ शकते, क्यूएचडी १४४ वेळा. ४के चित्र १२० वेळा हवे असेल तर एचडीएमआय २.१ किंवा डिस्प्लेपोर्ट १.४ लागते. मॉनिटर आणि कार्ड या दोन्हींवर योग्य ती जोडणी आहे ना, हे खरेदीपूर्वी पाहावे. प्लेस्टेशन ५ वापरणाऱ्यांनी तर आवर्जून पाहावे. कारण ते यंत्र १२० हर्ट्झपर्यंतच चित्र देते. त्याच्यासाठी २४० हर्ट्झचा पडदा घेणे हा निव्वळ अपव्यय.

एका परिचिताची गोष्ट येथे सांगण्यासारखी आहे. त्याने हौसेने १४४ हर्ट्झचा मॉनिटर घेतला आणि वर्षभर मित्रांना त्याची थोरवी सांगितली. एके दिवशी कोणीतरी विंडोजच्या सेटिंगमध्ये डोकावून पाहिले, तो रिफ्रेश रेट ६० वरच ठेवलेला. डिस्प्लेपोर्टची केबल खोक्यात तशीच बांधलेली पडून होती. नवा मॉनिटर जोडल्यावर विंडोजमध्ये सिस्टीम, डिस्प्ले आणि त्यातील अॅडव्हान्स्ड डिस्प्ले या ठिकाणी जाऊन रिफ्रेश रेट स्वतः निवडावा लागतो. घरोघरी असे किती मॉनिटर निम्म्याहून कमी वेगाने चालत असतील, कोण जाणे! वाचकांपैकी ज्यांच्याकडे असा मॉनिटर आहे त्यांनी आजच खात्री करून घ्यावी.

खानदेशातील खरेदीदारासाठी चार गोष्टी

पहिली उन्हाची. मे महिन्यात धुळे-जळगावचा पारा चाळिशीच्या वर असतो. कार्ड जितकी जास्त चित्रे तयार करील तितकी वीज खाईल आणि तितकी उष्णता खोलीत सोडेल. मॉनिटर १४४ हर्ट्झचा आणि कार्ड २५० चित्रे बनवीत आहे, असे चालू असेल तर वरची चित्रे पूर्णपणे दिसतही नाहीत आणि पंखे मात्र घरघरत राहतात. खेळातच चित्रांची मर्यादा मॉनिटरच्या आकड्याच्या जरा खाली बांधून ठेवावी. यंत्राला आराम आणि विजेच्या बिलालाही.

दुसरी पॅनेलची. आयपीएस पॅनेलचे रंग सर्व बाजूंनी सारखे दिसतात. व्हीए पॅनेलचा काळा रंग गडद असतो, पण स्वस्त व्हीएमध्ये अंधाऱ्या दृश्यांतील हालचाल काळपट ओघळल्यासारखी दिसू शकते. ओएलईडी सर्वांत चपळ. मात्र किंमत जास्त आणि एकच चित्र वर्षानुवर्षे राहिल्यास त्याचा ठसा उमटण्याची भीती. खोक्यावरील एक मिलिसेकंदाचा दावा बहुधा अनुकूल परिस्थितीतला असतो, त्यावर भिस्त ठेवू नये.

तिसरी वॉरंटीची. ऑनलाइन मागवलेला मॉनिटर बिघडला तर तो घरी येऊन पाहणार की नाशिकला पाठवावा लागणार, हे आधी विचारावे. नाशिक येथून सुमारे दीडशे किलोमीटर. किती बिंदू मृत निघाले तर मॉनिटर बदलून मिळतो, हा नियमही कंपनीगणिक वेगळा असतो. स्थानिक दुकानात शेपाचशे रुपये जास्त गेले तरी खोके समोर उघडून, पडदा एकरंगी करून तपासता येतो.

चौथी डोळ्यांची आणि वेळेची. जास्त हर्ट्झ म्हणजे डोळ्यांना पूर्ण संरक्षण, असा समज करून घेऊ नये. प्रकाश खोलीला साजेसा ठेवणे, वीस मिनिटांनी नजर दूर टाकणे आणि वेळेवर उठणे यांना कोणताही आकडा पर्याय नाही. २०२२ च्या डिसेंबरात केंद्र सरकारने ई-स्पोर्ट्सला बहुक्रीडा स्पर्धांतील खेळ म्हणून मान्यता दिली आणि २०२५ च्या कायद्याने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणताना ई-स्पोर्ट्सला वेगळे स्थान दिले. त्यामुळे खेळणे म्हणजे वाया जाणे, असे सरसकट म्हणता येणार नाही. तसेच मॉनिटर बदलल्याने कोणी खेळाडू होत नाही, हेही तितकेच खरे.

मग घ्यावा कोणता?

नेमबाजीचे स्पर्धात्मक खेळ हेच मुख्य असतील, तर २४ इंची फुल एचडी आणि १४४ ते १८० हर्ट्झ. त्याहून वर केवळ संगणक खरोखर तितकी चित्रे देत असेल तरच जावे. खेळ आणि अभ्यास, किंवा खेळ आणि कचेरीचे काम असा संमिश्र वापर असेल आणि कार्ड बऱ्यापैकी सशक्त असेल, तर २७ इंची क्यूएचडी आणि १४४ ते १८० हर्ट्झ हा आजचा सर्वांत समतोल पर्याय. कथाप्रधान खेळ, चित्रसंपादन यांची आवड आणि वरच्या श्रेणीचे कार्ड असेल तर ४के. तेथेही ६० वर न थांबता १२० हर्ट्झच्या पुढचा पाहावा. आणि कार्ड जुने असेल तर कोणताही मॉनिटर घेण्यापूर्वी कार्डासाठी किती पैसे उरतात याचा विचार करावा.

देवपुरातील त्या घरी अखेर मुलाने वहीत आकडे टिपले. नेमबाजीच्या खेळात फुल एचडीवर १७० च्या आसपास चित्रे, कथेच्या खेळात ५८. वडिलांनी ते पाहिले आणि पहिल्यांदाच त्या वादात बोलले, "पाणी एवढंच आहे ना? मग शेत कशाला वाढवतोस?" घरात आला तो २४ इंची, फुल एचडी, उंची कमीजास्त करता येणारा, बदलत्या रिफ्रेश रेटचा मॉनिटर. ४केच्या तुलनेत वाचलेली रक्कम पुढच्या वर्षीच्या ग्राफिक्स कार्डासाठी बाजूला ठेवली गेली.

मामांना मात्र हे अजून पटलेले नाही. दिवाळीला ते धुळ्याला येतील, तेव्हा माऊस त्यांच्या हातात द्यायचा, असे भाच्याने ठरवले आहे.